निसर्गवेड्या शिक्षकांवर स्मृतिलेख लिहिताना

आवडत्या शिक्षकांवर स्मृतिलेख लिहायचा झाल्यास जन्मतारीख आणि निवृत्तीचे वर्ष यांनी सुरुवात करू नये. तो तपशील घरच्यांकडून व शाळेच्या दप्तरातून पडताळून दोन ओळींत उरकावा. भूमितीचा तास अर्ध्यावर थांबवून, खडूने माखलेले बोट ओठांवर ठेवत खिडकीबाहेरचे घरटे दाखवणारे सर एका वाक्यात उभे राहतात. ते प्रेमळ होते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

माजी विद्यार्थ्यांना ‘सर कसे होते?’ असे विचारल्यास ठरावीक विशेषणेच हाती येतात (माझा तरी हाच अनुभव आहे), म्हणून ‘त्यांनी तुम्हाला कोणते झाड ओळखायला शिकवले?’ असे विचारावे.

सरांच्या निरीक्षणवह्या सर्वांत मोलाच्या. कोणते झाड केव्हा फुलले, स्थलांतरित पक्षी कोणत्या तारखेला दिसले, अशा सलग १०-१५ वर्षांच्या नोंदी ऋतुचक्रातील बदल अभ्यासणाऱ्यांनाही उपयोगी पडू शकतात, तेव्हा वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, झाडांची वाळवलेली पाने प्लॅस्टिकमध्ये न कोंबता आम्लमुक्त (अ‍ॅसिड-फ्री) कागदात कोरड्या जागी ठेवावीत आणि जुन्या छायाचित्रांच्या मागे नावे शाईने नव्हे, तर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत.