मकरपुऱ्यात कामाला लागताय? आधी ईएसआयचा नंबर मागा

धुळे-जळगावकडून बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या पोरांना खोली आणि खाणावळ कुणीही दाखवतं. मला सांगायचंय ते कामावर हाताला लागलं तर काय करायचं, तेवढंच. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कामगाराचा सरकारी विमा; नंबर म्हणतो तो त्यातला तुमचा विमा नंबर.

2003 साली पावर प्रेसवर माझ्या उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. शेठनी स्वतः रिक्षात घालून खाजगी दवाखान्यात नेलं, सगळं बिल भरलं. दुसऱ्या दिवशी एक गुजराती कागद पुढे आला. ठेकेदार आमच्याच तालुक्यातला, म्हणाला, "दे अंगठा, शेठ सांभाळतील." मी डाव्या हाताचा अंगठा दिला. कागदावर होतं, बोट घरच्या दारात चेंगरलं. कायद्याच्या तक्त्यात तर्जनीच्या दोन पेरांना कमाईच्या क्षमतेचं 11 टक्के नुकसान धरतात आणि त्या हिशेबाने आयुष्यभर पैसे मिळतात. मला एक रुपया मिळाला नाही.

म्हणून सांगतो: अपघात कारखान्यात झाला, हे त्याच दिवशी अपघात वहीत लिहून घ्या. तारीख, वेळ, मशीन, दोन साक्षीदार. वहीच्या पानाचा फोटो काढा. घरी लागलं असं कुणाच्याही सांगण्यावरून लिहून देऊ नका, दवाखान्यातसुद्धा बोलू नका. गुजराती लिपी आठ दिवसांत वाचता येते, तेवढी शिकाच.

इथले शेठ मनाने वाईट नाहीत, अडचणीला लगेच पैसे काढून देतात. पण "समजी लईशुं" (समजून घेऊ) म्हणजे कागद नव्हे. आणि आपल्या गावचा ठेकेदार आहे म्हणून नंबर न मागणं, ही चूक मी आजही दर महिन्याला बघतो. ठेकेदाराने ईएसआयची वर्गणी भरली नाही तर मूळ कारखानदारावर ती जबाबदारी येते.

महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर वर्गणी म्हणून त्यातले तुमचे 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के घालतो. कामावरच्या दुखापतीसाठी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. पहिल्याच दिवशी लागलं तरी हक्क आहे. उपचार फुकट, आणि डॉक्टरांनी कामाला अयोग्य ठरवलेल्या दिवसांचे पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व किती, ते मेडिकल बोर्ड ठरवतं. पगार मर्यादेच्या वर असेल तर भरपाई मालकाने द्यायची असते.

ईएसआयचं मोठं हॉस्पिटल गोत्रीला आहे. पहिल्या पगाराआधीच ई-पहचान कार्ड काढून घ्या आणि गावी बायकोलाही त्यावरचा नंबर लिहून पाठवा.