जुन्नरला एका दिवसासाठी येताय? मग या चुका टाळा

माझं गाव जुन्नरपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा राबता कायम. "रविवारी येतोय, काय काय बघू?" असा फोन आला की मी आधी विचारतो, "घरातून निघणार किती वाजता?" "नाश्ता उरकून, आठ-साडेआठला," असं उत्तर आलं की त्या रविवारचं पुढे काय होणार ते मला बसल्या जागी सांगता येतं.

सगळं एकाच दिवसात कोंबणं

ओझरचा विघ्नहर, लेण्याद्री, शिवनेरी, नाणेघाट आणि "वेळ उरला तर माळशेज". ही यादी मी इतक्या जणांच्या मोबाईलवर पाहिली आहे की आता चीडही येत नाही. वेळ उरत नाही. आजवर एकाचाही उरलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझा भाचा चार मित्रांना घेऊन आला. नारायणगावात मिसळ, ओझरला रांग, लेण्याद्रीला पायऱ्या चढताना एकाचा दम गेला म्हणून अर्धा तास बसकण. शिवनेरीवर पोचले तीन वाजता. मी खालीच सांगितलं, "आज नाणेघाट सोडा." भाचा म्हणाला, "मामा, तीसेक किलोमीटर तर आहे!" तीसेकच, पण रस्ता वळणांचा आणि पावसाने धुऊन निघालेला. त्याच्या हट्टापायी मीही गाडीत बसलो, ही माझी चूक.

पठारावर उतरलो तेव्हा सव्वासहा झाले होते आणि धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. जकातीची नाणी टाकायचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण मी अक्षरशः चाचपून शोधला. मग नळीतून गुहेकडे उतरलो. निसरडे दगड, डोक्यावरून ठिबकणारं पाणी आणि सहा जणांत मिळून एका मोबाईलचा उजेड. भाच्याने भिंतीवर उजेड मारला, दोन फोटो काढले नि म्हणाला, "झालं की बघून. चला."

काय बघून झालं? त्या भिंतींवर सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ केले, त्यांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दक्षिणा दिली, याचा तो हिशेब. आकडे शब्दांत नाहीत, अंकचिन्हांत कोरलेत. भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. सिमुक सातवाहनाचं नाव तिथे आहे, नागनिका आणि सातकर्णीचंही. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातून बैल हाकत आलेला व्यापारी इथेच टेकायचा. हे सगळं दिवसाच्या उजेडात, एकेका अक्षरावर नजर ठेवून बघायचं असतं. त्याला अर्धा तास तरी हवा.

परतताना गाडीचं चाक चरात गेलं. घाटघरच्या एका माणसाने ट्रॅक्टर लावून ओढून काढली आणि वर चहाही पाजला. घरी पोचलो रात्री अकराला.

माझी पद्धत साधी आहे. पहाटे पाचला पुणं सोडायचं, जुन्नरमध्ये न थांबता थेट नाणेघाट गाठायचा. लांबचं आधी. पावसाळ्यात धुकं सकाळीही असतंच, पण ते हटायची वाट बघायला सकाळी वेळ हाताशी असतो. येताना पूर गावातलं कुकडेश्वर मंदिर, मग जेवण, आणि त्यानंतर शिवनेरी किंवा लेण्याद्री. दोन्ही नाही. उरलेलं पुढच्या खेपेला. पटत नसेल तर घरी बसून व्हिडिओ बघा, पेट्रोल तरी वाचेल.

मोहळांशी खेळ

शिवनेरी काय नि लेण्याद्री काय, कड्यांना आग्या मोहळं लटकलेली असतात. लांबून ती काळ्या पोत्यासारखी दिसतात, त्यामुळे लोकांचं लक्षच जात नाही. माझ्या मेव्हण्याने पायऱ्या चढून घाम आला म्हणून भर कड्याखाली डिओचा फवारा मारला. त्यामुळेच माश्या उठल्या की वर कुणी दगड मारला होता, देव जाणे. पहिली माशी माझ्या कानाला चावली आणि पिकल्या केळ्यासारखा वास आला. तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना "इथे चावा" अशी हाळीच. मेव्हणा हात झाडत बसला आणि त्यालाच सर्वांत जास्त काटे लागले.

तेव्हापासून माझ्यासोबत येणाऱ्याला मी गाडीतच सांगतो: अत्तर, डिओ नको, गडावर धूर नको, आरोळ्या नकोत. पिशवीत सुती पंचा ठेवतो. माश्या उठल्याच तर तोंड झाकून, पायाखालची वाट बघत, आल्या दिशेने लांब निघायचं. हात झाडायचे नाहीत, टाक्यात उडी मारायची नाही. काटा दिसला की तो लगेच काढायचा, कशाने काढता याला महत्त्व नाही. धाप लागली, ओठ सुजले किंवा डंख पुष्कळ असले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना.

साखळीची वाट

शिवनेरीला सात दरवाज्यांची चांगली बांधीव वाट असताना पहिल्यांदा आलेली पोरं साखळीच्या वाटेने चढायला निघतात. का, तर रीलमध्ये पाहिलं म्हणून. कातळ चढायची सवय नसेल आणि सोबत जाणता माणूस नसेल तर तिकडे फिरकू नका. जीवधन किल्ल्यालाही हेच लागू. नाणेघाटावरून तो समोरच दिसतो, म्हणून "पटकन जाऊन येऊ" असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

बाकीचं थोडक्यात. गुळगुळीत तळाचे पांढरे बूट घरी ठेवा. नाणेघाटाकडे नेटवर्क जातं, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि रोख पैसे ठेवा, तिथल्या मावशी भाजलेलं कणीस देतात, क्यूआर कोड नाही. ऊसपट्ट्यातून संध्याकाळी दुचाकीवर परतू नका, आणि लघवीला म्हणून उसाच्या कडेला तर मुळीच बसू नका. इथला बिबट्या ही गंमत नाही. लेण्याद्रीला सगळे सातव्या लेण्यातल्या गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन माघारी फिरतात. शेजारचं सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) चार पावलांवर आहे, खांबांवरचे कोरीव प्राणी तरी बघा.

आणि मासवडी खायची असेल तर सकाळीच फोन करून सांगा. ताटात मासा नसतो, बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण असतं, आणि ती वळायला वेळ लागतो. दुपारी दीडला दारात उभं राहून "पाच प्लेट" म्हणणाऱ्यांना आमच्याकडे पिठलं मिळतं.