कोयना धरणाचा किल्ला कसा होतो: नॉलेज ग्राफ शिकताना या चुका टाळा

सेमँटिक वेब हा विषय (त्यात नॉलेज ग्राफ, म्हणजे गोष्टी आणि त्यांच्यातली नाती यांचं जाळं, बांधायला शिकतात) बहुतेक मुलं शेवटच्या वर्षाला इलेक्टिव्ह म्हणून घेतात आणि येताना डोक्यात एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांच्या डेटाबेसची भाषा, घेऊन येतात. एसक्यूएलमध्ये कॉलम नसला की एरर येते, भलती किंमत भरली की डेटाबेस हाकलून देतो. इथे कोणी हाकलत नाही. व्याकरण शुद्ध असलं की तुम्ही काहीही लिहा, आरडीएफ (ग्राफमधली विधानं लिहायची पद्धत) ते निमूट मान्य करतं आणि रीझनर, म्हणजे विधानांवरून तर्क करणारा प्रोग्रॅम, त्यातून वर निष्कर्षही काढतो. खालच्या जवळपास सगळ्या चुका इथूनच उगवतात. दर वर्षी त्याच.

डोमेनला पहारेकरी समजणं

एका ग्रुपने सातारा जिल्ह्यातल्या प्रेक्षणीय स्थळांचा ग्राफ करायला घेतला होता. प्रोटेजे या ग्राफची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये किल्ला, धरण, मंदिर असे क्लास, म्हणजे प्रकार, केले. 'बांधकामवर्ष' ही प्रॉपर्टी (गुणधर्म) केली आणि तिचं डोमेन ठेवलं 'किल्ला', म्हणजे किल्ल्याखेरीज कोणाला ते वर्ष भरता येऊ नये. प्रतापगडाला १६५६ दिलं, सगळं सुरळीत. मग ग्रुपमधल्याच कोणीतरी कोयना धरणालाही बांधकामवर्ष भरलं. एरर नाही. रीझनर चालवला आणि पिवळ्या पट्टीत ओळ उमटली: कोयना धरण हा किल्ला आहे.

"सर, प्रोटेजे गंडलंय."

"अरे, तूच सांगितलंस त्याला. ते बिचारं विश्वास ठेवून बसलंय."

डोमेन कोणाला अडवत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की ज्याला ज्याला बांधकामवर्ष आहे तो किल्ला. इथपर्यंत माझी तक्रार नाही, हे शिकताना होतंच. पण पुढे मुलांनी एक पानही न वाचता डोमेनमध्ये 'धरण' हा दुसरा क्लास टाकून दिला. दोन डोमेन म्हणजे 'हा किंवा तो', असा त्यांचा समज. प्रत्यक्षात ते 'हाही आणि तोही' असतं, त्यामुळे आता प्रतापगडही धरण झाला. घाबरून त्यांनी किल्ला आणि धरण हे क्लास डिसजॉइंट असल्याचं, म्हणजे एकच गोष्ट दोन्हीत असू शकत नाही असं, जाहीर केलं, तर अख्खी ऑन्टॉलॉजीच (क्लास आणि प्रॉपर्टींची सगळी मांडणी) विसंगत ठरली. मग शेवटचा जालीम उपाय: रीझनर बंद ठेवून सबमिशन. एक्स्टर्नल मॅडम आल्या, खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदा मेन्यूतून रीझनर सुरू केला. उरलेली व्हायवा प्रतापगडात पाणी किती मावतं यावर झाली.

माझ्या लॅबमध्ये पहिला महिना डोमेन-रेंज (रेंज म्हणजे प्रॉपर्टीच्या किमतीचा क्लास) लिहायला बंदी असते. पुस्तकी मंडळींना हे आवडत नाही, पण स्कीमा डॉट ऑर्ग या वेबपानांसाठीच्या सामायिक शब्दसंग्रहानेही काटेकोर डोमेनऐवजी 'डोमेनइन्क्लुड्स' हे सैल नातं वापरलंय, तेव्हा आपण फार वाईट संगतीत नाही. डेटा तपासायचाच असेल तर त्यासाठी शॅकल ही नियम लिहायची भाषा आहे. २०१७ पासून ती डब्ल्यूथ्रीसीची, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, शिफारस आहे. प्रत्येक किल्ल्याला बांधकामवर्ष हवंच, असं शॅकलमध्ये लिहिलं आणि एखाद्याला ते नसलं, तर ते तक्रार करेल. आऊल, म्हणजे प्रोटेजेमध्ये आपण ऑन्टॉलॉजी लिहितो ती भाषा, करणार नाही. आऊलच्या लेखी वर्ष असेल कुठेतरी, आपल्याला अजून कळलेलं नाही एवढंच. आणि निष्कर्ष विचित्र वाटला तर त्याच्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबा. कोणत्या विधानांवरून तो काढला ते प्रोटेजे दाखवतं. हे बटण वर्षानुवर्षं कोणी दाबत नाही.

दिसेल तिथे सेमॲज

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये लिंक्ड डेटाचे, म्हणजे वेबवर एकमेकांशी जोडलेल्या डेटाचे, चार नियम मांडले. त्यातले पहिले तीन मुलं विसरतात आणि चौथा, इतरांच्या डेटाशी दुवे जोडा, हा मात्र फार मनावर घेतात. मग एक पायथन स्क्रिप्ट येते, नावं जुळवते आणि जुळलं की आऊलचं 'सेमॲज' (या दोन्ही नोंदी एकाच गोष्टीच्या) ठोकून देते.

आता 'सातारा' हे नाव घ्या. शहर सातारा, तालुका सातारा, जिल्हा सातारा. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंडासारख्या खुल्या नॉलेज ग्राफवर शहर आणि जिल्हा या वेगळ्या नोंदी आहेत आणि असायलाच हव्यात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख, शहराची सुमारे १ लाख २० हजार. सेमॲज लावलं की दोन्ही आकडे दोघांनाही चिकटतात. लोकसंख्या एकच असते असं वर सांगितलं असेल, तर पुन्हा विसंगती. शिवाय शहर जिल्ह्यात आहे, हेही ग्राफमध्ये असतंच, म्हणजे सातारा साताऱ्याच्याच आत जाऊन बसतो. हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं आणि साखळीने पुढे सरकतं, त्यामुळे एक चुकीचा दुवा शेजारच्या पाच चांगल्या नोंदी नासवतो. नंतर तो शोधून काढणं हे अत्यंत कंटाळवाणं काम आहे आणि ते नेहमी सबमिशनच्या आदल्या रात्री निघतं.

नाव जुळलं की मी आधी प्रकार बघतो, मग ते ठिकाण कशाच्या आत आहे ते बघतो, आणि तरीही शंका असली तर सेमॲज न लावता स्कॉस या शब्दसंग्रहातलं 'क्लोजमॅच' (जवळपास तेच) लावून मोकळा होतो. स्क्रिप्टने हजार दुवे जोडले, असं अभिमानाने सांगणाऱ्याला मी त्यातले कोणतेही वीस उघडून दाखवायला सांगतो.

बाकीच्या, पटापट

राजगड हा क्लास नाही. तो किल्ला या क्लासमधली एक 'व्यक्ती' (इंडिव्हिज्युअल), म्हणजे एक प्रत्यक्ष नमुना आहे.

प्रॉपर्टीचं स्पेलिंग चुकलं तर स्पार्कल, म्हणजे ग्राफला प्रश्न विचारायची भाषा, एरर देत नाही, रिकामा तक्ता देतं. रिकाम्या तक्त्याला 'माहिती उपलब्ध नाही' समजून रिपोर्ट लिहिणारे मी पाहिलेत. आधी तीनच व्हेरिएबल टाकून, लिमिट १० लावून डेटात खरंच काय आहे ते बघा.

"पुणे" आणि मराठीचा भाषाटॅग लावलेलं "पुणे" ही दोन वेगळी मूल्यं आहेत. क्वेरीत टॅग विसरलात की शोध संपला.

मराठी डेटा घेणाऱ्यांसाठी आणखी एक, हे इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सापडणार नाही. 'कऱ्हाड' मधला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो: 'ऱ' हे अक्षर घेऊन, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण स्ट्रिंग म्हणून जुळत नाहीत. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हा फरक मिटवत नाही, तेव्हा डेटा आत घेतानाच एक रूप ठरवा आणि दुसरं बदलून टाका.

स्पार्कलमध्ये ऑप्शनलच्या (असलं तर दे, नसलं तरी ओळ ठेव) व्हेरिएबलवरचा फिल्टर ऑप्शनलच्या कंसाबाहेर ठेवलात की ते ऑप्शनल उरत नाही.

विकिडेटावर नुसतं पी३१ (अमुक प्रकारची गोष्ट) विचारून 'किल्ले कमी आले' म्हणू नका. उपप्रकाराखाली नोंदवलेले किल्ले हवेत तर पी२७९ (अमुकचा उपप्रकार) ची साखळीही चढावी लागते. ती चढताना क्वेरी ६० सेकंदांत संपली नाही तर सर्व्हर ती तोडतो, म्हणून आधी महाराष्ट्रापुरतं मर्यादित करा. लेबल मागताना मराठीनंतर इंग्रजीही लिहा, नाहीतर नावाच्या जागी क्यू-क्रमांकांची (विकिडेटाच्या नोंदींचे क्रमांक) रांग बघत बसाल.

हे पी-क्रमांक चॅटबॉटला विचारायची हल्ली फॅशन आहे. तो आत्मविश्वासाने देतो, क्रमांक अस्तित्वातही असतो, फक्त भलत्याच गोष्टीचा असतो. क्वेरी चालते, तक्ता रिकामा येतो आणि मग मुलं माझ्याकडे येतात. विकिडेटावर त्या प्रॉपर्टीचं पान उघडायला चॅटबॉटला प्रश्न टाइप करण्याइतकाही वेळ लागत नाही.

आणि प्रोटेजे उघडण्याआधी, हा ग्राफ कोणत्या प्रश्नांची उत्तरं देणार ते कागदावर लिहून आणा. ज्यांच्याकडे तो कागद नसतो, त्यांना मी लॅबमधून कॅन्टीनला पाठवतो. तिथे बसून लिहा, मग या.