शेवटची तीस पानं बांधून ठेवा

करवीर नगर वाचन मंदिरातून रहस्यकादंबरी आणली की मी आधी शेवटची तीस पानं रबरबँडनं बांधून टाकते. तिथवर वाचायचं, थांबायचं, संशयिताचं नाव वहीत लिहायचं. मग तिच्यावरचा टीव्हीपट लावायचा.

टीव्हीसाठीच बनवलेल्या चित्रपटात जाहिरातीआधी बहुतेकदा धक्का असतो: दार वाजतं, फोन बंद पडतो. त्यावर विसंबू नका. खरा धागा आधीच्या निवांत प्रसंगात सापडतो, दोनदा दिसलेल्या किल्लीत, टेबलावर राहिलेल्या चष्म्यात. कादंबरीत मनातलं पानभर लिहिता येतं, पडद्यावर ते वस्तूंतून दाखवावं लागतं. वेळेत बसवायला दोन पात्रांचं एकही करतात, तेव्हा वहीतलं एखादं नाव गायब झालं तर गोंधळू नका.

शेवटही बदलतो. 'अँड देन देअर वेअर नन' या १९३९च्या कादंबरीचा शेवट अगाथा ख्रिस्तीनं स्वतःच १९४३च्या नाटकासाठी सौम्य केला. बीबीसीच्या २०१५च्या तीन भागांच्या मालिकेनं तो मूळच्या कडू वळणावर परत नेला. ती संपली तेव्हा मंगळवार पेठेत पाऊस कोसळत होता, आणि मी नि धाकटी जाऊ बारापर्यंत वाद घालत बसलो होतो.

रबरबँड त्यानंतरच काढायचा.