मांजर जाड झालंय की नुसतं पोट लोंबतंय, कसं ओळखलं (माझा अनुभव)

आमचा बोका ५ वर्षांचा, मालवणात घर म्हणजे बांगड्याची डोकी रोज ठरलेली. चालताना पोटाखाली पिशवी हलायची. आई म्हणे अंगाने भरलाय, शेजारच्या काकी म्हणत अती झालंय. त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहिलो आणि माझं वजन वजा केलं, ५.८ किलो, पण सांगाडा मोठा असला तर नुसत्या आकड्यावरून काय कळणार. दोन महिने जीवाला घोर.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी हातानेच बघायला शिकवलं. बोका उभा असताना अंगठे पाठकण्यावर ठेवायचे, बोटं बरगड्यांवरून हलकेच फिरवायची, दाबायचं नाही. मग आपला हात सपाट पसरून आपल्याच पंजाची पाठ दुसऱ्या हाताने चाचपायची, बरगड्या तशा लागल्या तर वजन बरोबर, मुठीच्या हाडांसारख्या टोचल्या तर बारीक, आणि तळव्यासारखं मऊ लागून बरगड्या शोधाव्या लागल्या तर जाड. त्यानंतर वरून बघायचं, बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसते का. पिशवी शेवटी चिमटीत धरायची, पातळ लागली तर सैल कातडी, ती बऱ्याच मांजरांना असतेच, गच्च लागली तर चरबी.

अशा तपासणीवरून डॉक्टर १ (अगदी हाडकुळं) ते ९ (फारच जाड) असा आकडा देतात, त्यात ५ आदर्श, आमचा निघाला ७.

एक मात्र कळकळीने सांगतो, खाणं एकदम तोडू नका, जाड मांजर उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. आम्ही डॉक्टरांना विचारून मोजून खायला दिलं, दर रविवारी वजन, तीन महिन्यांत ५.३ झालं आणि आता बरगड्या हाताला लागतात.