सोसायटीची नोटीस स्पॅममध्ये जाते? सेंडरची व्हाइटलिस्ट अशी लावा

सप्टेंबर जवळ आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेच्या, नोटिसा सुटतात. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची, असा नियम आहे. ती ईमेलने आली आणि स्पॅममध्ये पडली, तर सभासदाला पत्ताच लागत नाही. शिवाय जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतं.

उपाय आहे व्हाइटलिस्ट, म्हणजे ‘या पत्त्यावरून आलेला मेल अडवू नकोस’ असं फिल्टरला सांगून ठेवणं. पण मेल एखाद्याच वेळी अडकला असेल, तर स्पॅममध्ये जाऊन तो उघडा आणि ‘नॉट स्पॅम’ दाबा, तेवढं पुरतं. पुन्हा पुन्हा अडकत असेल तरच पुढचं करा.

आधी पाठवणारा तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. ‘फ्रॉम’च्या ओळीत कुणीही कुणाचाही पत्ता लिहू शकतं. गेटवर ‘कुलकर्णींकडे चाललोय’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला वॉचमनने आत सोडावं, तसं न तपासता पत्ता यादीत घालणं होईल. कॉम्प्युटरवर मेल उघडा आणि ‘टू मी’शेजारचा छोटा बाण दाबा. ‘साइन्ड-बाय’पुढचं डोमेन, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारा भाग, पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी जुळायला हवं. आणखी खात्री हवी असेल तर तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या तिन्ही चाचण्यांपुढे ‘पास’ दिसलं, तर मेल त्या डोमेनच्या परवानगीनेच निघालाय. हे जुळत नसेल तर तो पत्ता यादीत घालू नका.

जीमेलमध्ये फिल्टर लावा. मोबाइल अॅपमध्ये ही सोय नाही, ब्राउझरच लागतो. वर गिअरच्या चिन्हावर जा, ‘सी ऑल सेटिंग्ज’ आणि मग ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस’ उघडा. ‘क्रिएट अ न्यू फिल्टर’ दाबून ‘फ्रॉम’मध्ये सोसायटीचा पूर्ण पत्ता लिहा. पुढच्या चौकटीत ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर टिक करा आणि फिल्टर सेव्ह करा.

आउटलुकमध्ये काम सोपं आहे: सेटिंग्ज, मेल, जंक ईमेल, तिथे ‘सेफ सेंडर्स अँड डोमेन्स’मध्ये पत्ता घाला.

यादीत काय घालू नये? सोसायटीचा अकाउंटंट जीमेलवरून बिलं पाठवतो म्हणून अख्खं जीमेल डॉट कॉम घालू नका, जगभरातल्या भामट्यांनाही तेच डोमेन फुकट मिळतं. ऑफिसचं स्वतःचं डोमेनही घालू नका. ‘साहेबांचा मेल’ म्हणून येणारी फसवणूक नेमकी त्याच नावाने येते. बँकेच्या जुन्या नोंदीही एकदा बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन डोमेनवर जायला सांगितलं होतं. तुमची बँक आता कोणत्या पत्त्यावरून लिहिते ते पाहून जुना पत्ता काढून टाका.

ऑफिसचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्पॅमअसॅसिन या स्पॅम गाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेलला ५ गुण झाले की तो स्पॅम ठरतो, आणि साध्या ‘व्हाइटलिस्ट फ्रॉम’मुळे थेट १०० गुण वजा होतात. म्हणजे बाकीच्या तपासण्यांना काही अर्थच उरत नाही. त्याऐवजी ‘व्हाइटलिस्ट ऑथ’ वापरा, ती नोंद पाठवणाऱ्याची ओळख पटली तरच लागू होते. गूगल वर्कस्पेसच्या अप्रूव्ह्ड सेंडर्समध्येही ओळख तपासण्याची अट चालू ठेवा.

शेवटी सेक्रेटरींना एक मेल पाठवायला सांगा आणि तो इनबॉक्समध्ये येतो का पाहा. कधी कधी मेलच्या वर जीमेल एक पट्टी दाखवतं: तुमच्या फिल्टरमुळे हा मेल स्पॅममध्ये टाकला नाही. याचा अर्थ जीमेलला तो संशयास्पद वाटला होता. अशा मेलमध्ये मेंटेनन्ससाठी नवा खातेक्रमांक दिला असेल, तर पैसे भरण्याआधी खजिनदारांना फोन करा, आणि तोही मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.