विद्यार्थ्यांचा गट आफ्रिकेच्या सफारीला नेताना या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान आणि तिथून पुढे बोट्स्वानातील चोबे राष्ट्रीय उद्यान, असा आठ-दहा दिवसांचा बेत आखून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना पहिल्या खेपेस ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेक जंगलात निर्माण झालेल्या नसतात. त्या पुण्या-मुंबईत तिकिटे काढताना आणि कार्यक्रमपत्रिका छापताना निर्माण झालेल्या असतात व जंगलात फक्त उघडकीला येतात. असे दोन गट घेऊन गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, आपण सफारीला जातो आणि आखणी मात्र सहलीची करतो. पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक मी स्वतः केलेल्या आहेत.

आफ्रिका म्हणजे उकाडा, हे गृहीत धरणे

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात जाणे आपल्याला सोयीचे असते आणि सुदैवाने तो काळ चांगलाही असतो, कारण दक्षिण गोलार्धात तेव्हा कोरडा हिवाळा सुरू होत असतो. गवत वाळून खाली बसते, झुडपांची पाने गळतात आणि जनावरे पाणवठ्यांकडे येऊ लागतात. परंतु नागपूर-पुण्याच्या मे महिन्यातून निघालेल्या मुलांच्या सामानात सुती कपडे आणि टोप्याच असतात. क्रुगरमध्ये दुपारी सुखद ऊन असले, तरी पहाटे पारा अनेकदा दहा अंशांखाली जातो आणि उघड्या गाडीत वारा अंगावर आला की तो गारठा दुप्पट वाटतो. माझ्या पहिल्या गटाच्या सामानाच्या यादीत हातमोजे नव्हते. पहिल्याच सकाळी एका विद्यार्थिनीने पायातले मोजे काढून हातांत घातले आणि इतरांना दुर्बीण डोळ्यांसमोर स्थिर धरता येईना; समोर तरसांचे बिळ होते, पिल्ले बाहेर आलेली होती आणि निम्म्या गटाला ती धड पाहता आली नाहीत. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जर्किन या तीन वस्तू यादीत सर्वांत वर असाव्यात.

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी उलट बाजू लक्षात घ्यावी. तो पावसाळा असतो, गवत वाढलेले असते, जनावरे विखुरलेली असतात आणि हिवतापाचा धोकाही अधिक असतो. तरीही पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या गटासाठी मी तोच काळ निवडेन, कारण स्थलांतर करून आलेले पक्षी तेव्हा तिथे असतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेली इंपालाची पाडसे कळपाकळपाने दिसतात.

व्हिसा आणि लसीकडे ट्रॅव्हल एजंटाचे काम म्हणून पाहणे

जोहान्सबर्गला उतरून बोट्स्वानात जायचे आणि परतीचे विमान पुन्हा जोहान्सबर्गहूनच पकडायचे असेल, तर दक्षिण आफ्रिकेचा एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. सीमेवरून परत येताना तो आधीच वापरला गेलेला असतो. अर्ज भरतानाच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी आणि हाती आलेला प्रत्येक पासपोर्ट स्वतः उघडून नोंद तपासावी. पासपोर्टात दोन कोरी पाने असावीत आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवसांची मुदत शिल्लक असावी.

पदवीच्या पहिल्या वर्षातले काही विद्यार्थी अठरा पूर्ण झालेले नसतात, ही गोष्ट शिक्षकांच्या ध्यानातच येत नाही. अशांसाठी आई-वडील दोघांची नावे असलेला जन्मदाखला आणि दोघांचे संमतिपत्र लागते. आपल्याकडचे अनेक जन्मदाखले नगरपालिकेत नोंद झाली तेव्हाचे असतात, बाळाच्या नावाची जागा कोरी असते आणि आईचे नाव पासपोर्टातल्या नावाशी जुळत नाही. ही दुरुस्ती आठवड्याभरात होत नाही. म्हणून नावनोंदणीच्या दिवशीच जन्मदाखला मागून घ्यावा.

लसीचा घोळ स्वस्त तिकिटापासून सुरू होतो. भारतातून थेट गेलेल्या प्रवाशाकडे दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचे प्रमाणपत्र मागत नाही. मात्र आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणारे तिकीट घेतले आणि तिथला थांबा १२ तासांहून अधिक असला, तर ते मागते, कारण इथिओपिया व केनिया पीतज्वराच्या यादीतले देश आहेत. रात्रीचा हॉटेलमुक्काम फुकट मिळतो म्हणून लांब थांब्याचे विमान निवडणारे गट नेमके इथेच सापडतात. परतीच्या वाटेवर तर भारताचे नियम अधिक कडक आहेत, आणि प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते, हा हिशेब तिकीट काढण्याआधी करावा.

नकाशातले अंतर आणि जंगलातला वेळ एकच समजणे

क्रुगर दक्षिणोत्तर सुमारे ३५० किलोमीटर लांब आहे. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या या जंगलाचे क्षेत्रफळ १९ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या अकरा पट भरते. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे, ती रडारने तपासली जाते आणि दंड खरोखरच होतो.

स्कुकुझा ते लोअर साबी या उद्यानातल्या मुक्कामाच्या दोन छावण्यांना जोडणारा साबी नदीकाठचा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरांचा आहे. कार्यक्रमपत्रिकेत आम्ही त्याला एक तास दिला होता, आणि आम्हाला साडेतीन तास लागले. वाटेत बिबट्या झाडावर असल्याची खबर आली, पंधरा गाड्या अडकल्या, मग हत्तींचा कळप रस्ता ओलांडू लागला आणि शेवटचे पिल्लू पलीकडे जाईपर्यंत कोणी हलले नाही. हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास छावण्यांची फाटके बंद होतात. उशीर झाला की दंड असतो, पण त्याहून वाईट म्हणजे मागे फिरण्याची घाई लागते आणि दिवसातला सर्वोत्तम प्रकाश गाडी पळवण्यात जातो. अर्ध्या दिवसात ६० किलोमीटरांपेक्षा अधिक अंतर ठरवू नये, असा नियम मी त्यानंतर स्वतःला घालून घेतला.

याच हिशेबात बसणारी आणि पत्रिकेत कधीही न छापली जाणारी बाब म्हणजे स्वच्छतागृह. नेमून दिलेल्या सहलस्थळांखेरीज आणि छावण्यांखेरीज कुठेही गाडीतून उतरता येत नाही, झुडपाआड जाण्याचा तर प्रश्नच नाही. पहाटे सहाला चहा घेऊन निघालेल्या गटाला नऊपर्यंत थांबा मिळाला नाही, तर कोणाचेच लक्ष जनावरांवर राहत नाही. मुली या भीतीने दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोके धरून बसतात, हे मी दोन्ही वेळा पाहिले आहे. प्रत्येक टप्प्यावर पुढचे स्वच्छतागृह किती किलोमीटरांवर आहे, हे शिक्षकाने आदल्या रात्रीच मुलांना सांगून ठेवावे.

ताडोबाची सवय बरोबर नेणे

आपल्या मुलांनी जिप्सीतून वाघाचा माग काढलेला असतो. वाघ दिसला तर सफारी फळली आणि नाही तर पैसे वाया, हे गणित डोक्यात पक्के असते. आफ्रिकेत वाघ नाही, हे माहीत असूनही ते गणित सुटत नाही, फक्त वाघाच्या जागी ‘बिग फाइव्ह’ येतात. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप म्हैस यांचे हे टोपणनाव शिकाऱ्यांनी दिलेले आहे, पायी शिकार करायला सर्वांत धोक्याची जनावरे म्हणून. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने तीच यादी घेऊन फिरावे, याला काही अर्थ नाही. गाडीतून पाचांपैकी एकावर खूण करून पुढे पळणारा गट रानकुत्र्यांच्या टोळीशेजारून निघून गेलेला मी पाहिला आहे.

चित्ता आणि बिबट्या यांतला गोंधळ तर घरूनच मिटवून जावा. आपल्याकडे बिबट्याला सर्रास चित्ता म्हटले जाते. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, तर बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची कडी असतात. कुनोमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आणले गेले, त्यामुळे विद्यार्थ्यांना हा विषय जवळचाही वाटतो.

धावण्यापेक्षा बसण्याचा वेळ आखून ठेवावा. लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर आम्ही एक संपूर्ण सकाळ थांबलो. पहिली वीस मिनिटे कुरकुर झाली, मग एकाने पाणघोड्याच्या पाठीवर उन्हाला बसलेली कासवे मोजायला सुरुवात केली. पाणघोडा बुडाला की सगळी पाण्यात घसरत आणि तो वर आला की पुन्हा चढण्यासाठी त्यांची रेटारेटी होई. पुढच्या दीड तासात कोणीही गाडी हलवायला सांगितले नाही.

गाडीत उभे राहणे, काच खाली करणे, हत्तीला वाट न देणे

उघड्या गाडीत बसलेली माणसे सिंहाला बहुधा गाडीचाच भाग वाटतात. कोणी उभे राहिले किंवा हात बाहेर काढला की ती आकृती मोडते. बंद गाडीतही काच खाली करण्याचा मोह जिवावर बेततो. २०१५ साली जोहान्सबर्गजवळच्या एका सिंहोद्यानात उघड्या खिडकीतून सिंहिणीने केलेल्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता.

विद्यार्थ्यांच्या गटाला खरा धोका मात्र बहुतेक वेळा हत्तीकडून असतो, कारण हत्तीची कोणालाच भीती वाटत नाही. माजावर आलेल्या नराच्या डोळा आणि कान यांमधून काळपट स्राव गालावर ओघळतो, परंतु आफ्रिकी हत्तिणींनाही असा स्राव येत असल्याने तेवढ्यावर विसंबू नये. मागच्या पायांवरून सतत ठिबकणारी लघवी आणि उग्र वास ही अधिक भरवशाची खूण आहे. असा नर रस्त्याने समोरून येत असेल, तर वाट त्याची आहे असे समजून गाडी हळूहळू मागे घ्यावी. आई आणि पिल्लू यांच्या मधून गाडी कधीही काढू नये.

बछड्यासोबत फोटो

तरुण गटांना हमखास दाखवले जाणारे आमिष म्हणजे सिंहाच्या बछड्याला बाटलीने दूध पाजणे किंवा सिंहांबरोबर चालणे. त्याला संवर्धनाचे नाव दिलेले असते. माणसाळलेला सिंह पुन्हा जंगलात सोडता येत नाही, आणि अशा प्रजनन केंद्रांतल्या अनेक सिंहांचा शेवट कुंपणातल्या शिकारीत किंवा हाडांच्या व्यापारात होतो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २०२१ साली हा उद्योग बंद करण्याचे धोरण जाहीर केले. कार्यक्रमात बछड्यांना हात लावण्याची सोय असेल, तर तो संपूर्ण कार्यक्रमच नाकारावा. या बाबतीत मला मधला मार्ग मान्य नाही.

गेंड्याचे फोटो टाकतानाही ठिकाण आणि वेळ लिहू नये, आणि मोबाइलमधली लोकेशनची नोंद बंद ठेवावी. चोरटे शिकारीही फोटो पाहतात.

किरकोळ वाटणाऱ्या बाबी

ताडोबासाठी घेतलेले लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवावेत, कारण व्हिक्टोरिया धबधबा पाहायला झिंबाब्वेत गेल्यास नागरिकांनी ते घालणे तिथे बेकायदा आहे. बोट्स्वानाच्या वाटेवर लाळ्या-खुरकुत रोखण्यासाठी औषधात भिजवलेल्या चटईवर बूट बुडवून पुढे जावे लागते. बॅगेतले जादा बूटही बाहेर काढायला सांगतात, म्हणून ते तळाशी ठेवू नयेत. विजेसाठी महागडा ॲडॉप्टर लागतोच असे नाही. तिथल्या सर्वाधिक दिसणाऱ्या सॉकेटमध्ये आपल्या गिझरचा मोठ्या तीन गोल पिनांचा प्लगच बसतो. घरच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा लहान टॉप काढून १५ अँपिअरचा टॉप बसवून घेतला की एका खोलीतले सगळे मोबाइल चार्ज होतात. वेर्व्हेट माकडे तंबूची चेन उघडतात, तेव्हा चकल्या आणि थेपले गाडीत बंद ठेवावेत.

गोळ्या अर्ध्यावर सोडणे

क्रुगर आणि चोबे दोन्ही हिवतापाच्या पट्ट्यात येतात. ज्यांना तो धोका नकोच असेल, त्यांनी पिलानेसबर्ग किंवा मादिक्वे ही हिवतापमुक्त अभयारण्ये निवडावीत. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. डॉक्सिसायक्लिन स्वस्त असल्याने विद्यार्थ्यांना बहुधा तीच दिली जाते. ती उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, उन्हात त्वचा लवकर भाजते आणि मुख्य म्हणजे परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. मुंबईला उतरल्यावर मुले पाकीट कपाटात टाकतात. मग जूनचा पाऊस सुरू होतो, घरोघरी ताप येतो आणि आपल्या विद्यार्थ्याचा तापही डेंगीचा समजून दोन दिवस जातात. आफ्रिकेतला फाल्सिपॅरम जातीचा घातक हिवताप तेवढ्या वेळात गंभीर होऊ शकतो. परतल्यानंतर तीन महिन्यांत ताप आला, तर दवाखान्यात शिरल्यावर पहिल्याच वाक्यात आफ्रिकेहून आल्याचे सांगावे आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्यावे, अशी चिठ्ठी मी आता परतीच्या विमानातच प्रत्येकाच्या पासपोर्टात ठेवतो आणि तिची एक प्रत पालकांना पाठवतो.